अठराव्या वर्षी नाटक

(दृश्य: सकाळ. पुणे विद्यापीठाचं आवार. ललित कला केंद्रातल्या एका मोकळ्या खोलीत जमिनीवर उताणी पडलेली मुलं-मुली. बाहेर पक्ष्यांचा आवाज, आत फक्त श्वास.)

नाटकाच्या पदवीचा पहिला तास हा असा असतो. पाठ जमिनीला टेकलेली, गुडघे वर, एक हात पोटावर. श्वास घेतला की हात वर यायला हवा, खांदे हलता कामा नयेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या घेऊन आलेल्या मुलांना पहिले काही आठवडे हे फार जड जातं. अभिनय शिकायला आलो आणि इथे तर श्वास कसा घ्यायचा ते सांगतायत! मग एके दिवशी नाटककार राम गणेश गडकऱ्यांचं एखादं स्वगत हातात येतं. वाक्य सुरू होतं आणि चार ओळी झाल्या तरी पूर्णविराम येत नाही. दुसऱ्या ओळीलाच दम तुटतो. पोटावरचा हात कशासाठी होता, ते त्या दिवशी कळतं.

ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. संगीत, नृत्य आणि नाटक, तिन्हींची पदवी इथे मिळते आणि केंद्राच्या नावापुढे ‘गुरुकुल’ असं लिहिलेलं असतं. कथकच्या अभ्यासक्रमाला रोहिणी भाटे यांनी आकार दिला, त्यांनी इथे शिकवलंही. एका खोलीत तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, चालू असतो, शेजारी तानपुरा लागलेला असतो आणि अंगणमंचावर कुणीतरी पडेल आवाजात संवाद पाठ करत असतं. नाटकाच्या मुलाला ताल समजायला याहून चांगली जागा नाही. संवादाची लय बिघडली की शेजारच्या खोलीतली मैत्रीण हातावर ताल धरून त्याला ती दाखवून देते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. नाटक मंडळी, पडदे, स्त्रीवेशातले नट.)

मराठी नाटकाला शाळा होती, आणि ती फार मोठी शाळा होती. नाटक कंपनी म्हणजेच ती शाळा. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. तिथे गोविंदराव देवलांनी त्यांच्याकडून तालमी करून घेतल्या, भास्करबुवा बखल्यांनी गाणं दिलं. मास्टर दीनानाथ त्याच मंडळीत आले ते साधारण आठवी-नववीतल्या मुलाच्या वयात. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीत ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा ते स्वतःच विशीच्या आत होते. जेवण कंपनीत, झोपणं कंपनीत, पहाटे गळा, दुपारी नक्कल पाठ, रात्री प्रयोग. नक्कल म्हणजे आपल्या भूमिकेचे संवाद उतरवून घेतलेली वही. मुक्काम हलला की शाळाही हलायची.

त्या शाळेत मुलींना जवळजवळ जागाच नव्हती. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची हीसुद्धा बातमी होती. आज या वर्गात बसलेल्या मुलींना त्या बातमीचं नवल वाटतं. रात्री उशिरा तालीम संपल्यावर वसतिगृहावर परत कसं जायचं आणि घरी फोनवर काय सांगायचं, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे अजूनही आहे.

बोलपट आले आणि एकेक कंपनी बसत गेली. कंपन्यांबरोबर ती शाळाही गेली. पुढची काही दशकं मराठी रंगभूमी ज्यांनी पेलली त्यांतल्या कितीतरी जणांची सकाळ दुसऱ्याच कामात जायची. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. १९६९ साली त्यांनी पूर्ण वेळ नाटकाला दिला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे डॉक्टर. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करत नाटकं लिहीत होते. बँकेतले, आयुर्विम्यातले, टपाल खात्यातले, शाळामास्तर असे हजारो लोक संध्याकाळी सहानंतर नट होत होते. राज्य नाट्य स्पर्धा याच लोकांनी गाजवल्या.

या माणसांविषयी आम्हाला अपार आदर आहे. पण त्यांच्या थोरपणातून घराघरांत एक समजूतही पक्की झाली: आधी नोकरी बघ, नाटक काय, संध्याकाळी करता येतं. अठराव्या वर्षी जो मुलगा किंवा मुलगी ‘मला नाटकातच पदवी घ्यायचीय’ म्हणून घरी सांगते, तिच्यासमोर ही समजूत उभी असते. ‘लागूंनी आधी डॉक्टरकी केली की नाही?’ असं वडील विचारतात आणि मुलीकडे चटकन उत्तर नसतं.

उत्तर आहे, आणि ते आळेकरांच्याच आयुष्यात सापडतं. १९९६ साली ते ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तिथे राहिले. आयुष्यभर नोकरी सांभाळून नाटक केलेल्या माणसाने पुढची तेरा वर्षं याच कामाला दिली, की पुढच्या पिढीला दिवसाच्या उजेडात, वेळापत्रकात, गुणपत्रिकेसकट नाटक शिकता यावं. मुक्ता बर्वे याच केंद्रात नाटक शिकल्या.

(दृश्य: भरत नाट्य मंदिर. बाहेर छत्र्या, आत घोषणा. ‘अरे आवाज कुणाचा!’)

आता स्पर्धेविषयी. महाराष्ट्रात कॉलेज आणि नाटक हे दोन शब्द एकत्र आले की सगळ्यांना एकांकिका आठवते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक घेते आहे. पावसाळ्यात पुण्यातल्या कॉलेजांमध्ये रिकामा वर्ग मिळवायचा, बाकं भिंतीला सारायची, चहावर आणि वडापाववर रात्री काढायच्या आणि भरत नाट्य मंदिरात तासाभरासाठी जीव ओतायचा. इंजिनिअरिंगची मुलं, कॉमर्सची मुलं, सगळी. त्या तासाने मराठीला किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले, त्याची मोजदाद होणार नाही. आणि ही स्पर्धा कठोरही आहे. २०२२ साली परीक्षकांना करंडकाच्या तोडीचं काही वाटलं नाही, तेव्हा तो कुणालाच दिला गेला नाही.

स्पर्धेतून आलेली अनेक मुलं नाट्यशास्त्राच्या वर्गात येतात आणि तिथे त्यांची पहिली ठेच लागते. स्पर्धेत सगळं परीक्षकांपर्यंत पोहोचवायचं असतं. पहिल्या पाच मिनिटांत पकड घ्यायची, शेवटाला धक्का द्यायचा, ब्लॅकआउट आणि टाळ्या. वर्गात शिक्षक सांगतात, ‘खुर्चीवर बस आणि पत्र वाच. बाकी काही करू नकोस.’ पोरगा पत्र वाचतो आणि भुवया वर जातात, ओठ थरथरतात, हात डोक्याला लागतो. ‘पुन्हा.’ पुन्हा तेच. बऱ्याच वेळाने, दमल्यावर, तो खरंच पत्र वाचतो. समोर बसलेल्या मुलांना ते ताबडतोब कळतं. स्पर्धेत असा अख्खा दिवस एका पत्रावर घालवणं कुणालाच परवडत नाही. पदवीच्या तीन वर्षांत ते परवडतं, आणि या शिक्षणाची खरी श्रीमंती आम्हाला इथेच दिसली. चुकायला इथे वेळ आहे.

(दृश्य: रंगमंचामागचा भाग. शिडीवर एक मुलगी, हातात स्पॅनर. खाली तीन मुलं लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलतायत.)

ही मुलगी मागच्या प्रयोगात मुख्य भूमिकेत होती. या प्रयोगात ती प्रकाशयोजना करते आहे, म्हणून शिडीवर आहे. दिवा कुठे टांगायचा, कोणत्या कोनातून चेहरा सपाट दिसतो, कोणत्या कोनातून डोळ्यांखाली खड्डे पडतात, दिव्यापुढे कोणतं जिलेटिन, म्हणजे रंगीत कागद, लावलं की पहाट वाटते आणि कोणतं लावलं की नुसतंच निळं दिसतं, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. दिवा तापलेला असतो, हातमोजा विसरला की बोट भाजतं. खालची मुलं लेव्हल लावतायत. त्यांतल्या एकाला या प्रयोगात एकही वाक्य नाही. दुसऱ्या अंकाच्या आधी अंधारात पाटा-वरवंटा आत नेऊन ठेवायचा आणि खडूच्या खुणेवरच ठेवायचा, एवढं त्याचं काम. वीतभर चुकला तरी अंधारातून धावत येणारी नटी अडखळेल. नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी सगळं आळीपाळीने प्रत्येकाच्या वाट्याला येतं. नटाने इस्त्री करायची, दिग्दर्शकाने झाडू मारायचा. ज्याने एकदा प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी सांभाळली आहे, तो पुढे आयुष्यात कधी रंगमंचावरचा पेला जागच्या जागी सोडून जात नाही.

दुपारी पुस्तकं. भरताचे चार अभिनय: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. मग स्तानिस्लाव्हस्की, ब्रेश्त, ग्रीकांची शोकनाट्यं, आणि आपलं दशावतार, तमाशा, भारूड. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचतो. हे ऐकून, आयत्या वेळी संवाद रचून करायच्या अभिनयाच्या तासाला घाबरणारी कोकणातली मुलं सरसावून बसतात. ही विद्या त्यांच्या गावच्या जत्रेत त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते.

बोलीचंही असंच. नांदेडहून, नंदुरबारहून, सावंतवाडीहून आलेला मुलगा पहिल्या वर्षात तोंड उघडायला कचरतो. न आणि ण, ल आणि ळ यांचे व्यायाम त्याला करावे लागतात. देवल-खाडिलकरांच्या भाषेसाठी ते लागतातच, त्यात सवलत नाही. पण चांगला शिक्षक त्याच वर्षी त्याला त्याच्या आजीच्या भाषेत एक प्रसंग बसवायला लावतो. पुण्यातली मुलं त्या दिवशी ती बोली शिकतात आणि त्यांच्या जिभा वळत नाहीत. वर्गातला तो दिवस आम्ही पाहिला आणि मराठी रंगभूमीविषयी मनापासून आशा वाटली.

पुणे ही एकच जागा नाही. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तो पुण्याच्याही आधीचा. मराठवाड्यातल्या मुलांसाठी तो मोठाच आधार आहे. मुंबई विद्यापीठात २००३ साली वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू झाली, तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळतं. गोव्यात पणजीला, कांपालच्या कला अकादमीत नाटक शिकता येतं. आणि दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ पासून. तिथे पदवीनंतरच प्रवेश मिळतो. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षं त्याची धुरा सांभाळलेले इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे. रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष त्यांच्याच काळात तिथे शिकल्या.

(दृश्य: तिसऱ्या वर्षाचा वर्ग. चाचणीनंतर मुलं पायऱ्यांवर बसलेली.)

तीन वर्षं संपतात. पुढे काय, हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

बरीच मुलं मुंबईला जातात. चार जणांनी मिळून घेतलेली खोली, दिवसभर ऑडिशन, मग कधीतरी मालिकेत काम. रोज बारा तास चित्रीकरण, संवाद तासाभरापूर्वी हातात. व्यावसायिक नाटकात नाईटवर पैसे मिळतात. प्रयोग झाला तर नाईट, प्रयोग रद्द झाला तर काहीच नाही. काही जण डबिंग करतात, काही प्रकाशयोजनेत शिरतात, काही लहान मुलांची शिबिरं घेतात. या कामांत कमीपणा काहीच नाही. पण तीन वर्षं ज्याने एका पत्रावर अख्खा दिवस घालवला, त्याला पुढच्या आयुष्यात तसा दिवस पुन्हा कुठे मिळणार?

शेजारी कर्नाटकात पाहा. शिमोग्याजवळच्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या संस्थेने १९८० साली नाट्यशिक्षण सुरू केलं आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ नावाचं फिरतं रंगमंडळ उभं केलं. शिकून बाहेर पडलेली मुलं त्यात काम करतात आणि कर्नाटकभर गावोगाव प्रयोग करतात. म्हैसूरला १९८९ साली ब. व. कारंतांच्या नेतृत्वाखाली सरकारने ‘रंगायण’ सुरू केलं. तिथल्या नटाला नाटक करण्याचा पगार मिळतो. महाराष्ट्रात तिकीट काढून नाटकाला येणारा प्रेक्षक आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत नाट्यगृहं आहेत, आणि आता विद्यापीठांतून शिकून निघालेली मुलंही आहेत. राज्याचं बारमाही, पगारी रंगमंडळ मात्र इथे आजवर रुजलं नाही. ज्या भूमीत सव्वाशे वर्षांपूर्वी कंपन्या नटांना जेवू-खाऊ घालून, शिकवून, गावोगाव नेत होत्या, तिथे हे व्हावं याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

ज्या ज्या वर्गात आम्ही गेलो तिथे ही मागणी ऐकली, आणि ती आमचीही आहे: प्रत्येक महसुली विभागात एक रंगमंडळ. वीस-पंचवीस कलावंत आणि तंत्रज्ञ, वर्षभराचा पगार, तालमीला स्वतःची जागा, एक ट्रक. वर्षाला तीन नवी नाटकं, आणि त्यांचे प्रयोग तालुक्याच्या गावांपर्यंत.