आवाज १९८७चा, वाद्यं २०१८ची

[पडदा काळा. स्नेअर ड्रमचा, म्हणजे ड्रम संचातल्या कडक आवाजाच्या छोट्या ढोलाचा, एकच ठोका. शांतता. पुन्हा तोच.]

हा ठोका नीट ऐका. मोठ्या दालनात वाजल्यासारखा फुटतो आणि घुमायला लागतो न लागतो तोच कापला जातो. हा गेटेड रिव्हर्ब. ड्रमला भरपूर घुमारा द्यायचा आणि तो विरायच्या आत ‘नॉइज गेट’ने, म्हणजे ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्राने, दार लावून टाकायचं. १९८०मध्ये इंग्लिश गायक पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमवर फिल कॉलिन्सने असे ड्रम वाजवले, तेव्हा त्याची नवलाई होती. पुढे मात्र पंगतीतल्या जिलबीसारखा तो ज्याच्या त्याच्या पानात पडू लागला. इंग्लिश गायक डेव्हिड बोवीच्या ‘नेव्हर लेट मी डाउन’ या १९८७च्या अल्बमच्याही.

[१९८७च्या रेकॉर्डचं वेष्टन.]

बोवी तेव्हा चाळिशीचा. पहिला अल्बम १९६७चा, शेवटचा २०१६चा. हा मधल्या वळणावरचा. ध्वनिमुद्रण झालं स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूच्या माउंटन स्टुडिओत आणि न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशनमध्ये. सहनिर्माता डेव्हिड रिचर्ड्स. बरीच वाद्यं एर्दाल किझिलचाय या एकाच तुर्की वादकाची, गिटारवर कार्लोस अलोमार आणि शाळेपासून ओळखीचा पीटर फ्रॅम्प्टन. माणसं कच्ची नव्हती. नडली ती गर्दी. सिंथेसायझर, गिटार, मागचा कोरस, सगळे त्याच मधल्या पट्टीत, जिथे गायकाचा आवाज असतो. मग आवाज वर काढायला गायक ओरडतो.

बोवीला हे सलत होतं. २००८च्या ‘आयसिलेक्ट’ संग्रहासाठी त्याने याच अल्बममधलं ‘टाइम विल क्रॉल’ ध्वनितंत्रज्ञ मारियो मॅकनल्टीकडून नव्याने मिक्स करून, म्हणजे वेगवेगळे आवाज नव्याने जुळवून, घेतलं. उरलेला अल्बमही असाच करता आला तर, अशी इच्छा त्याने सोबतच्या टिपणात लिहून ठेवली. १० जानेवारी २०१६ला तो गेला. काम झालं २०१८मध्ये, मॅकनल्टीच्याच हातून.

[मिक्सिंग टेबल. एकेक पट्टी खाली सरकते. शेवटी फक्त गळा उरतो.]

मल्टिट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे नोंदलेल्या मूळ टेपवर, गळा वेगळ्या ट्रॅकवर असतो, म्हणून हे शक्य झालं. बोवीचा गळा ठेवला, जुन्यातलं उपयोगी तेवढं राखलं, बाकीचं नव्याने वाजवलं. ड्रमवर स्टर्लिंग कॅम्पबेल, गिटारवर रीव्ह्ज गेब्रल्स आणि डेव्हिड टॉर्न, बासवर बोवीच्या शेवटच्या ‘ब्लॅकस्टार’ अल्बममधला टिम लेफेव्हर, तंतुवाद्यांची रचना निको म्यूलीची.

अडचण इथेच आहे. गळा जुन्या ठेक्यावर गायलेला. लय उतरवायला तो ताणला, तर स्वर रबरी होतात. त्यामुळे नव्या वादकांना जुन्याच चालीने चालावं लागतं. एखादं वाद्य काढलं, की गायकाने त्याच्यासाठी सोडलेल्या जागी खड्डा पडतो. आणि गोंगाटावर मात करायला लावलेला जोर तसाच राहतो, समोर गोंगाट नसला तरी.

‘टाइम विल क्रॉल’ला हा जोर शोभतो. १९८६च्या एप्रिलमध्ये बोवी स्वित्झर्लंडमध्ये असताना चेर्नोबिलची बातमी आली, त्यातून हे गाणं निघालं. ठोका कोरडा झाला, की त्यातली धास्ती ऐकू येते. ‘ग्लास स्पायडर’चं सुरुवातीचं लांबलचक निवेदनही नव्या अंधारात अंगावर येतं; जुन्यात ते थोडं हास्यास्पदच होतं. ‘बँग बँग’ मात्र कशानेही सावरत नाही. ते मुळात अमेरिकन रॉक गायक इगी पॉपचं, आणि त्याच्याकडेच बरं.

[दोन स्पीकर, मधे रिकामी खुर्ची.]

तुलना करणार असाल, तर आधी १९८७ आणि २०१८ या दोन्हींची पातळी कानाने सारखी करा. जे मोठ्याने वाजतं ते चांगलं वाटतं, तिथे हमखास फसगत होते. पहिल्या फेरीत फक्त स्नेअर ऐका, दुसरीत बास, तिसरीत गळा. आणि १९८७ची कोणती प्रत हाताशी आहे ते बघा. तबकडीपेक्षा सीडीवर काही गाणी लांब आहेत.

‘शायनिंग स्टार’मधे अभिनेता मिकी रूर्कचं रॅप होतं, तिथे नव्यात कलावंत लॉरी अँडरसन बोलते. मूळ गाणी अकरा, नव्यात दहा. गळलेलं ‘टू डिझी’. बोवीला ते इतकं नकोसं होतं, की नंतरच्या आवृत्त्यांतूनही ते काढलं गेलं. ऐकायचंच असेल, तर १९८७ची जुनी प्रत शोधा.

[सुई उचलली जाते.]