उजेड अडवू नका

[पडद्यावर : गोदाघाट, पहाट. पाण्यावरची वाफ. देवळांच्या शिखरांमागे उजळत जाणारे आकाश.]

नाशिकमध्ये गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे जुन्या नाशिकच्या तीरावर उभे राहून पंचवटीकडे तोंड केले, की सकाळचा सूर्य समोरून येतो आणि स्नानाला उतरलेली माणसे, पाण्यावर तरंगणारे द्रोण, घाटावरच्या छत्र्या असे सारे काही त्या उजेडापुढे काळ्या आकृत्यांसारखे उभे राहते. हौशी छायाचित्रकाराला हे दृश्य पहिल्या दिवशी भुरळ घालते आणि पहिल्याच दिवशी फसवतेही.

जानेवारीतल्या एका रविवारी या पायऱ्यांवर छायाचित्रण शिकू पाहणारे सात जण जमले. त्यांत एक बँक कर्मचारी, एक निवृत्त शिक्षिका, द्राक्षबागेचा एक मालक, औषधांच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि महाविद्यालयात शिकणारे तिघे आहेत. चौघांकडे डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे आहेत, एकाकडे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा आहे आणि दोघांकडे केवळ फोन. कॅमेरे असलेल्या पाच जणांनी त्या सकाळी टिपलेली पहिली छायाचित्रे आता पडद्यावर दिसत आहेत. तिघांच्या चित्रांत माणसे दिसतात, पण आकाश पांढरेफटक पडले आहे. दोघांच्या चित्रांत आकाशाचा रंग उतरला आहे, पण चेहरे अंधारात गेले आहेत. पाचही जणांनी पायऱ्यांवर उभ्याउभ्याच काढलेला निष्कर्ष मात्र एकच होता. कॅमेरा बदलायला हवा.

[पडद्यावर : कॅमेऱ्याची लेन्स, झूमच्या कडीवर गुंडाळली जाणारी चिकटपट्टी. जवळून.]

ही चिकटपट्टी त्या निष्कर्षावरचा उपाय आहे. सहा महिने कोणीही नवे काही विकत घ्यायचे नाही, असा नियम या गटाने स्वतःच स्वतःवर घालून घेतला आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या लेन्सची झूमची कडी ३५ वर पक्की बांधून टाकली. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, जुन्या फिल्मच्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा सुमारे दीडपटीने लहान असतो, म्हणून त्यांवरची ३५ ची लेन्स फिल्मच्या कॅमेऱ्यावरच्या ५० च्या आसपासच्या लेन्सइतकाच परिसर दाखवते. तो ना फार पसरट, ना फार आवळलेला. दृश्य मोठे हवे असेल तर चार पावले पुढे जायचे, लहान हवे असेल तर मागे सरायचे. निवृत्त शिक्षिकेने पहिल्या दोन रविवारी या नियमाविरुद्ध तक्रार केली आणि तिसऱ्या रविवारी पट्टी सैल झाली तेव्हा तिनेच ती नव्याने बांधली.

फोन असलेल्या दोघांनी फोनचा मुख्य कॅमेरा तेवढा वापरायचा आणि बोटांनी दृश्य ओढून मोठे करायचे नाही, एवढेच ठरले. हे दोघे गटात का आहेत, असे आम्हाला चित्रीकरणाच्या वेळी अनेकांनी विचारले. कॅमेरा हातात नसलेला माणूस उजेडाकडे अधिक लक्ष देतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

[पडद्यावर : काळाराम मंदिराची बाहेरची भिंत. शिखर. दगडाचा पोत.]

काळाराम मंदिराचा हा काळा दगड उजेड मोजायला शिकवणारी शहरातली सर्वात चांगली शाळा आहे, असे म्हणायला हरकत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक, समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असावे, असे गृहीत धरून चालतो. चौकट काळ्या दगडाने भरली, की त्याला दृश्यात उजेड कमी आहे असे वाटते, तो उजेड वाढवतो आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिलेले हे काळेभोर मंदिर करडे, धुतल्यासारखे दिसू लागते. ही पहा तीन छायाचित्रे. पहिले कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने घेतलेले. दुसरे भरपाईचे, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याचे बटण वजा एकवर नेऊन घेतलेले. तिसरे त्याहूनही थोडे खाली. दुसऱ्यात दगड काळा आहे आणि तरीही छिन्नीच्या खुणा दिसतात. तिसऱ्यात त्या बुजल्या आहेत. याच्या उलट, पांढऱ्याशुभ्र धोतरातले यात्रेकरू चौकटभर आले, तर तेच बटण अधिककडे न्यावे लागते, नाहीतर धोतरे मळकी दिसतात.

हे बटण जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यावर असते. ज्यांनी दोन वर्षे कॅमेरा वापरला आहे त्यांपैकीही अनेकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो. रामकुंडावर फसलेल्या पाच जणांपैकी चौघे अशांपैकीच होते, आणि त्याच पायऱ्यांवर पुढच्या रविवारी, त्याच कॅमेऱ्यांनी घेतलेली त्यांची छायाचित्रे आता निवेदनाशिवाय पाहू.

[पडद्यावर : सहा छायाचित्रे. फक्त घाटाचा आवाज.]

[पडद्यावर : भांडी बाजाराचा परिसर. तांब्याच्या घागरी. हातोडीचा ठोका.]

नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्पिढ्या ओळखले जाते. ज्या दुकानात आपण आता आहोत तिथे छताला एक दिवा आहे, पण तो दिवसा लावलेला आम्ही पाहिला नाही. सारा उजेड रस्त्याकडच्या दारातून येतो. कारागीर दाराकडे तोंड करून बसतो, लोखंडी खुंटावर घागर आडवी धरतो आणि ती मठारत जातो. दर ठोक्यानंतर मनगटाच्या एका लहानशा हालचालीने घागर किंचित फिरते. ठोक्याचा ताल इतका सारखा असतो, की काही वेळाने कान तो ऐकणे सोडून देतात. ठोक्यांचे चट्टे एकाशेजारी एक पडत जातात आणि दारातून येणारा उजेड प्रत्येक चट्ट्याच्या एकाच कडेवर उमटतो. घागर थोडी फिरली, की तो सगळा झळाळ एकदम सरकतो.

गटातल्या महाविद्यालयीन मुलीने पहिल्या दिवशी हे टिपण्याचा प्रयत्न दारातच उभे राहून केला. ३५ वर बांधलेली तिची लेन्स जास्तीत जास्त साडेचारच्या आसपासच्या अॅपर्चरपर्यंत उघडत होती. अॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र; आकडा जितका लहान, तितके ते मोठे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६०० वर नेऊनही शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या भागापुढे जाईना, आणि हातोडी दर चित्रात धुरकट रेघ होऊन येई. तिने आयएसओ आणखी वाढवला. चित्रात रव्यासारखे ठिपके पसरले. तेव्हा कारागिराने मान वर न करता तिला सांगितले, “ताई, उजेड अडवू नका.”

त्या दुकानातला एकमेव दिवा म्हणजे ते दार होते, आणि ती त्या दिव्यापुढे उभी होती. ती बाजूला सरकून भिंतीला पाठ लावून बसली. कारागिराच्या चेहऱ्याच्या एका अंगाला उजेड आला, दुसरे अंग सावलीत राहिले, घागरीवरचे चट्टे उठून दिसू लागले, आणि शटरचा वेगही सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत गेला. एक पैसा खर्च न होता उजेड दुप्पट झाला होता.

लेन्स बदलण्याचा प्रश्न आला तो त्यानंतर. गटातल्या तीन निकॉन कॅमेऱ्यांना चालणारी ३५ मिलिमीटरची, एफ १.८ पर्यंत उघडणारी एक जुनी लेन्स एकाने आणली होती आणि ती आलटून पालटून फिरत होती. साडेचारवरून १.८ वर येणे कागदावर किरकोळ वाटते. पण आत येणारा उजेड या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे साडेचार भागिले १.८ बरोबर अडीच, आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. सहापटींहून अधिक उजेड आत येतो. म्हणून जिथे सेकंदाचा साठावा भाग मिळत होता तिथे आता चारशेवा भाग सहज जवळ येतो आणि हातोडी हवेतल्या हवेत थांबते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. स्पष्ट दिसणारा पट्टा इतका अरुंद होतो, की हातोडीवर फोकस धरला तर डोळे धूसर होतात. नेमके काय स्पष्ट हवे, हे ठरवण्याचे काम कोणतीही लेन्स आपल्यासाठी करत नाही.

तिच्या हातातला कॅमेरा होता निकॉन डी ५२००. २०१२ साली बाजारात आलेला, २४ मेगापिक्सेलचा, वडिलांच्या मित्राकडून घेतलेला. नव्या बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, साठ हजार रुपये घालून सोबत मिळालेली जुनी किट लेन्सच वापरत राहणारे अनेक जण भेटतात. जुन्याच बॉडीवर एक चांगली लेन्स लावणारे कमी भेटतात. आमचा कल कोणाकडे आहे, हे एव्हाना लपून राहिले नसेल.

[पडद्यावर : दुरुस्तीचे दुकान. मखमली कापडावर सुटी केलेली लेन्स. छोट्या टॉर्चचा झोत.]

टॉर्चचा झोत मागच्या बाजूने लेन्समध्ये सोडला, की आत हे असे दिसते : कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका बिंदूतून फुटत गेलेले पांढरे तंतू. ही बुरशी आहे. ही लेन्स या निवेदकाची आहे आणि तिची ही अवस्था त्याच्याच निष्काळजीपणाने झाली. चातुर्मासाचे चार महिने ती चामड्याच्या पेटीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून होती, आणि चामडे ओल धरून ठेवते. वेळेत सापडली तर बुरशी पुसता येते. उशीर झाला तर ती काचेवरचा लेप कोरून टाकते आणि मग पुसूनही डाग राहतो.

दुरुस्तीवाल्या काकांनी सुचवलेला उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहावा. त्याहून खूप खाली गेला तर लेन्समधले वंगण आणि रबर सुकण्याचा धोका, म्हणून पुड्यांचा मारा करू नये.

जुना कॅमेरा घेणाऱ्याने करायच्या तपासण्याही याच टेबलावर पाहायला मिळतात. लेन्समधून टॉर्च मारणे ही पहिली. दुसरी म्हणजे अॅपर्चर १६ वर नेऊन कोऱ्या आकाशाचे एक छायाचित्र घेणे. सेन्सरवरची धूळ त्यात काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फाइलमध्येच मिळते, ती पाहून घ्यावी. बिलावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतो की नाही, हे पाहायला लोक विसरतात, आणि काकांच्या मते सगळ्यात जास्त पस्तावतात ते तेच. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले. त्यानंतर अनेकांनी आपले डीएसएलआर विकायला काढले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही पर्वणीच म्हणायची.

[पडद्यावर : पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक.]

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून चलच्चित्रांचा कॅमेरा आणला, तेव्हा मोठ्या कथापटाला हात घालण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट तयार केला होता. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी तो उपयोगी पडला. एक कुंडी, एकच जागा आणि रोज त्याच वेळी परत येणे. हे स्मारक पाहताना मनात येते ते हे.

[पडद्यावर : नांदूर मध्यमेश्वर, चापडगाव. धुके. पाणथळ.]

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे ही पाणथळ तयार झाली आहे. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. इथे मात्र ३५ ची पट्टी सोडावीच लागते. पाण्यावरचे वारकरी पक्षी फोनमध्ये तिळाएवढे दिसतात, आणि पुढे जाऊन ते मोठे करण्याचा मार्ग इथे वर्ज्य आहे; पक्षी उठतो, आणि त्याला उठवणे हा अपराधच मानला पाहिजे. द्राक्षबागेच्या मालकाने म्हणूनच १५० ते ६०० ची लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणली. तिचे वजन सुमारे दोन किलो आहे. पहिल्या तासात त्याने शंभरावर छायाचित्रे घेतली आणि त्यांतली एखाददुसरीच धड आली, कारण ६०० वर हाताचा थोडासा कंपही चित्रात उतरतो आणि उडणाऱ्या दलदली भोवत्यासाठी, म्हणजे पाणथळीवरच्या त्या शिकारी पक्ष्यासाठी, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते. दुसऱ्या दिवशी त्याने पक्षी पाहण्याच्या मनोऱ्याच्या कठड्यावर धान्याची छोटी पिशवी ठेवली, तीवर लेन्स टेकवली आणि एका जागी अडीच तास बसून राहिला.

[पडद्यावर : भोवत्या पाण्यावरून नीट समोर येतो. पंख. वळण.]

सहा महिन्यांनंतर द्राक्षबागेच्या मालकाने तशी लेन्स विकत घेतली, बँक कर्मचाऱ्याने नवी बॉडी घेण्याचा विचार सोडला, औषधांच्या दुकानातला तरुण गट सोडून गेला आणि फोनवाले दोघे फोनवरच राहिले.

[पडद्यावर : तांबटाचे दुकान. मुलीच्या हातात कागदी पाकीट.]

बारा बाय आठ इंचांचे छायाचित्र प्रत्येक इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने छापायचे, तर ३६०० गुणिले २४००, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल लागतात. २०१२ च्या तिच्या कॅमेऱ्यात त्याच्या पावणेतीनपटींहून अधिक आहेत. छापलेल्या कागदावर तांब्याचा रंग पडद्यावर दिसत होता तसा उतरेना, म्हणून तिने ते दोनदा छापून घेतले होते.

कारागिराने हात कापडाला पुसून कागद कडांनी धरला आणि दाराच्या उजेडाकडे वळवला. स्वतःच्या चेहऱ्यावर त्याची नजर थांबली नाही. घागरीच्या गळ्याजवळ बोट नेऊन तो म्हणाला, “हिला अजून दोन फेरे राहिले होते तेव्हा.” मग त्याने छायाचित्र मागच्या फळीवर, धुळीपासून दूर ठेवले आणि हातोडी उचलली.