ना अशील, ना फी

(दृश्य : लॉ कॉलेज रस्ता, संध्याकाळची गर्दी. मागे टेकडी.)

पुण्यात लॉ कॉलेज रोड म्हटलं की निम्म्या लोकांना कॉफी आठवते, उरलेल्यांना ट्रॅफिक. ज्याच्यावरून रस्त्याला हे नाव पडलं ते आय.एल.एस. लॉ कॉलेज १९२४ सालचं. यशवंत चंद्रचूड इथेच शिकले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. अशा मोठ्या नावांच्या पाट्या कॉलेजं अभिमानाने लावतात. या फिल्ममध्ये आपण भेटणार आहोत ती माणसं मात्र पाटीवर क्वचितच येतात. ती कायदा शिकवतात. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. म्हणजे अशील नाही, फी नाही, आणि कुणाची बाजू राखायची सक्तीही नाही.

याचा उपयोग काय, ते १९७९ साली दिसलं.

(दृश्य : जुनी वर्तमानपत्रं, टाइपरायटरवरचा मजकूर.)

सरन्यायाधीश चंद्रचूडच होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्या नावे एक खुलं पत्र निघालं. खाली चार कायदेशिक्षकांची नावं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. पहिले तिघे दिल्लीचे, धागमवार पुण्याच्या. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं होतं. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार होती. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही.

प्राध्यापकांचं म्हणणं सरळ होतं. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर एखादी पोर गप्प राहिली, तर त्याला संमती कसं म्हणायचं?

पत्राने निकाल बदलला नाही. मात्र त्यानंतर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदाच बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असं बाईने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असं कोर्टाने गृहीत धरायचं. पीडितेचं नाव छापायलाही तेव्हाच बंदी आली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही या तरतुदी आहेत, फक्त कलमांचे आकडे बदललेत.

तेव्हाचे प्राध्यापक लोकांच्या रागाआधी बोलले होते. रागाच्या भरात बोलायची वेळ येते, तेव्हा काम जास्त अवघड होतं.

(दृश्य : कल्याणीनगर, रात्र. रिकामा रस्ता.)

१९ मे २०२४ ची पहाट. भरधाव पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, एका बिल्डरचा मुलगा. बाल न्याय मंडळाने जामीन दिला, त्यात अट : अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. शहर खवळलं, आणि खवळायलाच हवं होतं. त्या अटीला काय म्हणायचं ते कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

पुढच्या प्रश्नाला मात्र लागते. 'त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला का नाही?' २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलाबाबत हा विचार होतो तो गुन्हा निर्घृण असेल तरच. निर्घृण म्हणजे, ज्याला किमान सात वर्षं शिक्षा सांगितली आहे. इथे लावलेलं कलम सदोष मनुष्यवधाचं. त्याला कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, पण किमान शिक्षा कायद्यात लिहिलेलीच नाही. आणि नुसती कमाल शिक्षा मोठी असून भागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलं होतं. पेटलेल्या गावात हे बोलून दाखवणाऱ्याला 'तुम्ही बिल्डरच्या बाजूचे का?' हे ऐकून घ्यावं लागतं.

(दृश्य : कोथरूडमधला छोटा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या थर्मासमध्ये चहा.)

रोजचं काम इतकं गाजत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून पुणेकराला व्याख्यान ऐकायची सवय आहे, आणि व्याख्यानानंतर प्रश्नाऐवजी दुसरं व्याख्यान द्यायचीही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या या सभेत प्राध्यापकबाईंनी विषय घेतलाय बक्षीसपत्राचा.

पहिल्या रांगेतले काका प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढतात. फ्लॅट मुलाच्या नावे केलाय. आता मुलगा फोन घेत नाही. परत मिळेल का?

बाई कागद हातात घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि शेवटचं पान आधी वाचतात. "काका, यात फक्त 'प्रेमापोटी' असं लिहिलंय. सांभाळ करण्याची अट कुठे आहे?"

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सगळं या अटीवर उभं आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि समोरच्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. पण अट नसेल तर नुसत्या तक्रारीवर कलम लागू होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मधल्या एका निकालात मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं वचनही कोर्टाने बक्षीसपत्राच्या जोडीने वाचलं आणि आईला घर परत दिलं.

"वेगळं काही लिहून दिलंय का त्याने? शोधा घरी. आणि काही नाही मिळालं तरी पोटगीचा अर्ज करता येतो, तो हक्क वेगळा आहे."

काका फोल्डर बंद करतात. मागच्या रांगेत तीन-चार जण मुकाट्याने वहीत लिहून घेतात : अट घालणे.

मग एक बाई उठतात. भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली आहे, राखीच्या आधी हवीय म्हणे. हॉलमध्ये हशा पिकतो, त्या हसत नाहीत.

"वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासून आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीवर सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये शिक्कामोर्तब केलंय. सोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. फक्त घाईत सही करू नका."

"पण वकील परवडणार नाही मला."

"बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज द्या. आधारकार्ड आणि सातबारा सोबत ठेवा."