पक्षाघातानंतर कामावर परतताना

नमस्कार. समोर पेशंट बसलेत, त्यांचे नवरे, बायका, आई-वडील आलेत, त्यामुळे मेंदूच्या आकृत्या दाखवत नाही. घरी आल्यानंतरचं बोलते.

झटका आला की हॉस्पिटलात मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. साडेचार तासांच्या आत पोचलात आणि पेशंट त्या इंजेक्शनच्या निकषांत बसत असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. तिथे सगळं ठरलेलं असतं. पण ३५ वर्षांचा मुलगा डिस्चार्ज घेऊन डोंबिवलीला परततो, तेव्हा पुढे नोकरीची २५ वर्षं असतात, घराचा हप्ता असतो, बालवाडीतलं पोर असतं, आणि हातात फक्त गोळ्यांची चिठ्ठी. व्यायामाचं, बोलण्याचं, कामावर परतण्याचं कोणी काही लिहून दिलेलं नसतं. मग मालीशवाला येतो, कबुतराचं रक्त येतं. मेंदू सगळ्यात भरभर सावरतो ते पहिले तीन महिने असे वाया जातात. नंतर सुधारणा होतच नाही असं मुळीच नाही, पण तिला कष्ट जास्त पडतात.

कारणांचं थोडक्यात सांगते. अंगावरून वारं जाणं म्हणजे म्हातारपणाचं दुखणं, अशी आपली समजूत आहे. तरुणांत कधी न मोजलेलं बीपी असतं, तंबाखू-मिश्री असते, लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेली हृदयाची झडप असते, मानेतल्या रक्तवाहिनीला आतून गेलेली चीर असते. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होते. पाणी कमी पडलं की हा धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती कृपा करून बंद करा. दुसरा झटका टाळायचा तर पहिल्याचं कारण सापडायलाच हवं.

आता हाताबद्दल. घरचे मायेपोटी भात कालवून भरवतात, शर्टाची बटणं लावून देतात. पेशंटही सगळं चांगल्या हाताने उरकतो. दुबळा हात मांडीवर पडून राहतो आणि जो हात वापरात नाही, त्याच्याकडे मेंदू पाठ फिरवतो. म्हणून एक उपचार असा आहे, की चांगल्या हातावर मोजा चढवून तो अडवायचा आणि दुबळ्याकडून रोज काही तास काम करून घ्यायचं. अमेरिकेतल्या एक्साइट चाचणीत झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेल्या पेशंटना हे दोन आठवडे दिलं. २००६ साली निष्कर्ष आले आणि फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील तरच हे जमतं, आणि थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायचं. चेंडू दाबत बसू नका. बहुतेकांना मूठ मिटता येते, अडतं ते उघडताना. आणि उठवताना दुबळा हात धरून कधीही ओढू नका. खांदा निखळतो, मग दुखण्यापायी व्यायामच थांबतो.

माझा विषय ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं आणि नोकरीतलं काम पुन्हा जमावं म्हणून त्याच कामांतून दिलेला उपचार. भारतात याचं शिक्षण १९५० साली याच शहरात, परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ची. तरी मुंबईतल्या पेशंटला हा उपचार ठाऊक नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही पहिल्यांदा विचारतो, तुम्ही काम काय करता? मशीद बंदरला हिशेब लिहिणाऱ्याचा व्यायाम म्हणजे पानं उलटणं, कळफलक, दादरच्या पुलाचे जिने, लोकलच्या डब्यातली दांडी पकडून उभं राहणं. पोळ्या लाटणारीचा व्यायाम कणकेपासून सुरू होतो.

न दिसणाऱ्या गोष्टी लोक मान्य करत नाहीत. चालणं सुधारलेला माणूस दुपारी दोनला गळून जातो, तो आळशी नाही, मेंदूचा थकवा आहे. वाचा गेलेल्याला बरंच समजत असतं. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि थांबा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे, ते घ्या.

राहिली नोकरी. महापालिका, रेल्वे अशा सरकारी आस्थापनांना दिव्यांग हक्क कायदा, २०१६चं कलम २० लागू आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. खासगी कंपनीला हे कलम बांधील नाही, तिथे बोलणीच करावी लागतात. रिकाम्या हाताने जाऊ नका. सुरुवातीला अर्धा दिवस, गर्दी टळेल अशी वेळ, दुपारी विश्रांती, दोन महिन्यांनी फेरआढावा, असं डॉक्टरांकडून आणि थेरपिस्टकडून लिहून घ्या. पत्र मराठीत हवं असेल तर तसं सांगा, आम्ही देतो. राजीनामा मात्र त्याआधी लिहू नका.