मान्सून, मँटा आणि जाळी

मालदीवमधल्या बा अ‍ॅटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळबेटांच्या एका कड्यामध्ये, हनिफारू नावाची लहानशी खाडी आहे. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की तिथे मँटा जमायला लागतात. मँटा आपल्या पाकटाच्याच गोतावळ्यातला, पण पंखांचा पसारा तीन-साडेतीन मीटर आणि खाणं फक्त प्लवंगांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचं. ते तिथेच आणि तेव्हाच का येतात, हे मी आधी सांगते. त्यांना जपायचं कसं, याचा विचार तिथूनच सुरू होतो.

नैर्ऋत्य मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर समुद्राचा प्रवाह पश्चिमेकडून येतो आणि मालदीवच्या बेटांच्या रांगेवर आदळतो. खालचं पोषक पाणी वर येतं, प्लवंग फोफावतात आणि वाहत वाहत बेटांच्या पूर्वेला जातात. मँटाही त्यांच्यामागे पूर्वेला. हिवाळ्यात वारे उलटतात, प्रवाह उलटतो, मग मँटा पश्चिमेला सापडतात. हनिफारूत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर प्लवंग आत ढकलले जातात आणि खाडीत कोंडतात. मँटाच्या डोक्यापुढे कानाच्या पाळीसारख्या दोन पाळ्या असतात, एरवी गुंडाळलेल्या. खायची वेळ झाली की त्या उलगडतात आणि पाणी तोंडात वळवतात. मग एकामागे एक अशी रांग लागते. रांग लांबत गेली की पुढचा मँटा शेवटच्याच्या मागे येऊन लागतो आणि सगळ्यांचं रिंगण होतं. त्या भोवऱ्यात प्लवंग गोळा होत राहतात. कधी कधी शंभराहून जास्त मँटा एका वेळी!

एवढी गर्दी पाहून 'यांना काय धोका?' असं वाटणं साहजिक आहे. पण तारलीची मादी हजारो अंडी टाकते, मँटाची मादी बहुधा एकच पिल्लू देते. वयात यायला तिला दहा-एक वर्षं लागतात, पिल्लू वर्षभर पोटात वाढतं आणि पुढच्या पिल्लापर्यंत कित्येक वर्षं जातात. शंभर मोठे मँटा मारायला एक हंगाम पुरतो. ते भरून यायला माणसाची एक पिढी जाते.

प्रत्येक मँटाच्या पोटावरचे ठिपके वेगळे असतात. त्यांचे फोटो घेऊन 2005पासून मालदीवमध्ये नोंद ठेवली जाते आणि आजवर पाच हजारांवर मँटा असे ओळखले गेले आहेत. पाकटांच्या निर्यातीवर तिथे 1990च्या दशकातच बंदी आली. 2009मध्ये हनिफारू संरक्षित झालं, 2011मध्ये बा अ‍ॅटॉलला युनेस्कोने राखीव जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला आणि 2014मध्ये देशभर सगळ्याच पाकटांना कायद्याचं संरक्षण मिळालं. हनिफारूत हवेची टाकी लावून डायव्हिंग करायला मनाई आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत वरवर पोहणं, चालतं. हे सगळं मोलाचं आहेच. तरीही मला वाटतं, मालदीवचे मँटा वाचले त्याचं मोठं श्रेय तिथल्या टुना मासेमारीला आहे. तिथला मासेमार जिवंत आमिष पाण्यात टाकतो आणि गळ लावलेल्या काठीने एकेक टुना होडीत उडवतो. त्या गळाला मँटा लागत नाही. मालदीव ज्या पाण्याखालच्या डोंगररांगेवर आहे, तिच्यावरच उत्तरेला आपलं लक्षद्वीप आहे आणि मिनिकॉयचे लोकही टुना असाच धरतात.

श्रीलंकेपासून इराणपर्यंत मात्र टुनासाठी रात्रभर तरंगती जाळी सोडली जातात. मँटा आणि त्यांचे छोटे भाऊबंद, ज्यांना डेव्हिल रे म्हणतात, ते त्यात अडकतात. पूर्वी कुणी त्यांना फारसं विचारत नसे. पण कल्ल्यांमधल्या ज्या जाळीदार पट्ट्यांनी ते प्लवंग गाळतात, त्या वाळवून औषध म्हणून चीनमध्ये विकल्या जायला लागल्या आणि जाळ्यात चुकून आलेल्या जिवाला भाव आला.

वाळूत राहणाऱ्या पाकटांकडे तर अजून कमी लक्ष जातं. पाकट वाळूत अंग पुरून बसतं. तोंड खाली दबलेलं, म्हणून डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत घेतं. ईगल रे हा पाकटाचाच एक प्रकार दातांच्या फरशीने शिंपले फोडतो. गिटारफिश आणि वेजफिश हेही पाकटांचेच भाऊबंद, पण ते पुढून पाकट आणि मागून शार्क दिसतात. त्यांच्या परांना शार्कच्या परांच्या बाजारात चढा भाव आहे. 2019मध्ये वेजफिश आणि महाकाय गिटारफिश यांच्या 16 जातींचा आढावा घेतला गेला, त्यातल्या 15 अतिसंकटग्रस्त निघाल्या. त्यांना बघायला पर्यटक पैसे मोजत नाहीत. म्हणूनच मालदीवने फक्त मँटापुरता कायदा न करता सगळ्या पाकटांना त्यात घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

2019मध्येच हिंदी महासागर टुना आयोगाने नियम केला: जाळ्यात आलेला मँटा किंवा डेव्हिल रे जिवंत सोडायचा, आकडा खुपसायचा नाही, कल्ल्यांना धरून उचलायचा नाही. मोठ्या घेर-जाळ्याच्या जहाजावर हे जमू शकतं, तिथे मासा बराचदा जिवंत वर येतो. पण मँटाला श्वासासाठी सतत पोहावं लागतं. तरंगत्या जाळ्यात रात्री अडकलेला मँटा पहाटे जाळं ओढेपर्यंत बहुधा मेलेला असतो. तिथे सोडायला काही उरतच नाही. त्या जाळ्यांची लांबी, ती सोडण्याची जागा आणि ती पाण्यात किती वेळ राहतात, यावर बोलणं आता टाळता येणार नाही आणि त्या बोलण्यात भारताच्या नौकाही येतात.