कडेवरचा भाऊ

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागाच्या दारात पालक मुलींना घेऊन येतात. पाटीवर ‘मानव विकास’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून वडील जरा घुटमळतात आणि मग मनातलं बोलतात. मागच्या वर्षी एक शेतकरी गृहस्थ म्हणाले, “मॅडम, लहान पोरं सांभाळायला डिग्री कशाला लागते? आमच्या आजीनं नऊ वाढवली.”

मला या प्रश्नाचा राग येत नाही. आजीनं नऊ वाढवली हे खरंच आहे. पण त्या घरात आत्या होती, काकू होती, ओटीवर बसून गोष्टी सांगणारा म्हातारा होता. म्हणजे त्या नऊ पोरांना एक अख्खं घर वाढवत होतं आणि त्या घराला गाव धरून होतं. आणि आजीजवळ निवांत बसून विचारलं, तर ती हेही सांगते, की किती झाली आणि त्यातली किती जगली. आमचा विषय या दोन्ही गोष्टींमधून निघतो. मूल कसं वाढतं, आणि त्याला वाढवणारी माणसं कोणत्या परिस्थितीत जगतात. विद्यापीठात पहिल्याला बालशिक्षण म्हणतात, दुसऱ्याला समुदाय विकास. ही दोन नावं वेगळी काढली, इथेच आपलं थोडं चुकलं असं मला वाटतं. ते का वाटतं, हे आज सांगायचं आहे.

मी एम.एस्सी.ला होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या बाईंनी प्रत्येकीला एक वही दिली आणि तिच्या पानांवर मधोमध रेघ मारायला लावली. डाव्या बाजूला जे दिसलं तेच लिहायचं, उजव्या बाजूला आपल्याला काय वाटलं ते. विभागाचीच एक बालवाडी होती. तिच्या कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे तासभर बघायचं. मी डाव्या बाजूला लिहिलं, “मुलगी रुसली.” बाईंनी लाल शाईनं गोल केला. “रुसली हे तुला कुणी सांगितलं? तू काय बघितलंस?” मग मी लिहिलं: ओठ पुढे काढला, हातातला ठोकळा खाली ठेवला, पाठ फिरवली, खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. पुढच्या वाक्यात ती खिडकीतून बाहेरच्या आईला शोधत होती. रुसलेली नव्हतीच ती.

साधी गोष्ट आहे, पण ती अंगवळणी पडायला मला सहा महिने लागले. लहान मुलाबद्दल आपण मोठी माणसं फार पटकन निकाल देतो. हट्टी, मंद, लाजाळू, आगाऊ. डावी बाजू नीट लिहायला शिकलं, की हे शब्द लिहिताना हात अडखळतो.

आता माझी एक तक्रार. आमच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य होतं, म्हणजे वस्तीत जाऊन काम. मला ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करायचं होतं. पण क्षेत्रकार्याचे महिने ठरलेले, जुलै ते ऑक्टोबर. आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो दिवाळीच्या आसपास. नोव्हेंबरात तोडणी कामगारांच्या टोळ्या येऊन कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात, तेव्हा आमच्याकडे परीक्षेचे फॉर्म भरणं चालू. विद्यापीठाचं वेळापत्रक आणि त्या मुलांचं वर्ष कुठेच जुळत नव्हतं. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले, आणि मग हंगाम संपेपर्यंत प्रत्येक रविवारी जात राहिले. आज मी शिकवते तेव्हा याच एका गोष्टीसाठी भांडते, की मूल जेव्हा तिथे असेल, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यानं तिथे असावं.

त्या कोप्यांमध्ये मला ती मुलगी भेटली. आठेक वर्षांची. सगळी पोरं तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. कडेवर वर्षभराचा भाऊ. मधला पाचेक वर्षांचा, तिच्या फ्रॉकला धरून. आई-बाप पहाटे अंधारातच फडात गेलेले. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशोब कोयत्याचा असतो, त्यात ही तीन पोरं कुठेच नसतात. रस्त्यापलीकडे अंगणवाडी होती, शाळा होती. ताई शाळेत गेली तर भाऊ कुणाकडे? आणि ताई नसेल तर मधला अंगणवाडीत पाऊल टाकणार नाही. भाऊ कडेवरून उतरला नाही, म्हणून तिघंही बाहेर.

मधल्याबद्दल मला सांगण्यात आलं होतं, की त्याला काही येत नाही, तो बोलतच नाही. माझ्याकडे मण्यांची माळ होती, एक ते दहा मोजायला लावण्यासाठी. त्यानं मण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी तो कोपीमागे वाढ्याच्या पेंढ्या रचत बसलेला दिसला. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ते वैरण म्हणून विकले जातात. पाच पेंढ्यांचा एक ढीग, असे ढीग लावत तो ताईला मोठ्यानं सांगत होता, किती झाले आणि अजून किती लागतील. माझ्या वहीची डावी बाजू त्या संध्याकाळी पूर्ण भरली. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या संख्याज्ञानावर केलेले प्रयोग मी वाचले होते, ते उपयोगी पडले. पण हातात मण्यांऐवजी पेंढी द्यायची हे मला त्या पोरानं शिकवलं.

मग आम्ही माता सभा ठरवली. सकाळी अकरा वाजता, तक्ते वगैरे घेऊन. एकही आई आली नाही. मी खट्टू होऊन परतले तेव्हा समाजकार्य शिकवणाऱ्या सरांनी एवढंच विचारलं, “अकरा वाजता त्या कुठे असतात?” पुढची सभा झाली रात्री, पाण्याच्या टाकीजवळ, हंडे भरता भरता. तिथे त्या बायांनीच मार्ग काढला. एका कोपीत दोन म्हाताऱ्या दिवसभर असायच्या. मुकादमानं बांबू दिले, बायांनी जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. अंगणवाडी ताई आठवड्यातून दोनदा तिथे येऊन बसायला तयार झाली. धाकट्याच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तेव्हा ती पिवळ्या रंगावर आली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंडघेर गेला तर ते तीव्र कुपोषण, हा त्याच्या किंचित वर होता. त्याचं नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये, आहार तिकडे, आणि पोर इकडे. हल्ली पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर अशा स्थलांतराची नोंद करता येते, तेव्हा ती सोय नव्हती.

हे सगळं मला नवीन वाटलं होतं. नंतर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम मुळातून अभ्यासलं, तेव्हा कळलं की आपल्याच मातीत हे फार आधी होऊन गेलंय. ताराबाई आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी शहरातल्या बालवाड्या बघितल्या होत्या, माँटेसरी पद्धत जाणली होती. पण 1945 मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुस्तकातलं बरंच काही बाजूला ठेवावं लागलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, गोटे, पानं, बिया यांची साधनं झाली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर जो शब्द सरकारी कागदावर आहे, ‘अंगणवाडी’, तो तिथला आहे. पुढे 1957 पासून कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं. तिथे हाच प्रश्न होता: मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा गुरं राखतो. म्हणून ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. ताराबाईंना हे दोन विषय आहेत असं कधी वाटलं नसणार.

देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 ला, अवघ्या 33 प्रकल्पांनी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, पोषण आणि आरोग्य शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा. या सहाही शेवटी एका अंगणवाडी ताईच्या आणि एका मदतनिसाच्या हातातून जातात. आणि त्यांना मिळतं ते मानधन, पगार नाही. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलं. मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते, की मुलाच्या भाषाविकासावर लिहायला बसाल तेव्हा त्या ताईला महिन्याला किती मिळतात आणि ती किती रजिस्टरं भरते, तेही लिहा. दुपारपर्यंत रजिस्टरं भरणारी बाई गोष्ट कधी सांगणार?

2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला. म्हणजे अंगणवाडी, बालवाडी आणि पहिली-दुसरी आता एका धाग्यात आहेत. त्यासाठी शिकलेली माणसं लागणार आहेत. गृहविज्ञानात मानव विकास हा विषय घेता येतो, आपल्याकडे एसएनडीटीसारख्या विद्यापीठात तो आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना इग्नू या मुक्त विद्यापीठाची पदविका आहे. समाजकार्याच्या बाजूनं यायचं तर मुंबईत 1936 पासून चालत आलेली टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पुढे बालशाळेत शिकवता येतं, संस्थांमध्ये काम करता येतं, स्पर्धा परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारी होता येतं. आणि हो, मुलांनीही यावं. वर्गात अजून मुलीच दिसतात आणि मला ते खटकतं. गिजुभाई वकिली सोडून मुलांमध्ये आले होते, आणि भावनगरची माणसं त्यांना मिशाळ आई म्हणायची.

त्या शेतकरी गृहस्थांना मी हे सगळं काही सांगितलं नाही, वेळ नव्हता. त्यांच्या मुलीला एक काम सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. फॉर्म भरण्याआधी आपल्या गावातल्या अंगणवाडीत एक सकाळ जाऊन बसा. अंगणवाडी ताईला आधी विचारा. मधोमध रेघ मारलेली वही न्या आणि एकच मूल निवडा. दहाच्या आत पोहोचा, कारण बडबडगीतं खिचडी वाढायच्या आधी होतात. आणि दारापाशी एखादी मोठी बहीण कडेवर भावाला घेऊन उभी असेल, तर आधी तिच्याकडे बघा.

नमस्कार.