फायटरला पाणी किती आणि सोबती कोण

सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी फिश टँक आहे, त्यामुळे फिल्टर कशासाठी लावायचा किंवा पाणी का बदलायचे, या प्राथमिक गोष्टींत मी वेळ घालवत नाही. निमंत्रणपत्रिकेवर आजच्या विषयाचे दोन भाग छापले आहेत, फायटर माशाची टाकी आणि फायटरचे सोबती. माझे म्हणणे असे आहे, की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. फायटरसोबत दुसरा मासा राहू शकेल का, हे त्याच्या स्वभावावर जितके अवलंबून असते, तितकेच हरणाऱ्या माशाला पळायला जागा किती आहे यावरही असते.

आपण ज्याला फायटर म्हणतो तो बेट्टा स्प्लेंडेन्स. हे शास्त्रीय नाव त्याला १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी दिले. तो मूळचा थायलंडचा, आणि २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथल्या धानाच्या शेतांत, दलदलीत आणि संथ ओढ्यांत तो राहतो. भंडारा-गोंदियाकडच्या पावसाळ्यातल्या धानाच्या बांध्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे पाणी कसे असेल ते वेगळे सांगायला नको. ते उथळ, कोमट आणि गवताने भरलेले असते, पण दूरवर पसरलेलेही असते. तिथे दोन नर समोरासमोर आले तर कल्ले फुगवून एकमेकांना धमकावतात, प्रसंगी झटापट होते, आणि हरलेला गवतात शिरून दूर निघून जातो. काचेच्या चार भिंतींत त्याला ही वाटच उरत नाही. शिवाय माणसाने पिढ्यानपिढ्या झुंजीसाठी निवडून हा मासा अधिक आक्रमक केला आहे.

आता लहान भांड्याचा गैरसमज कुठून आला ते पाहू. फायटरच्या कल्ल्यांच्या वर, डोक्यातल्या एका पोकळीत, रक्तवाहिन्यांनी भरलेला घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू या अवयवातून रक्तात जातो. आपल्याकडची मरळसुद्धा अशीच वर येऊन श्वास घेते, तिची रचना थोडी वेगळी असते इतकेच. म्हणूनच, पाण्यात प्राणवायू फारसा नसला तरी फायटर तग धरतो. दुकानदाराने हे पाहिले आणि निष्कर्ष काढला, की याला पाव लिटरची बरणी पुरते. परंतु लॅबिरिंथ फक्त प्राणवायूचा प्रश्न सोडवतो. माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यातच उतरतो, त्याला हवेत जायला मार्ग नसतो. चाळीस लिटर पाण्यात जो अमोनिया विरून जातो, तोच पाच लिटरच्या बाऊलमध्ये आठपट दाट होतो, आणि बाऊलमध्ये फिल्टर नसल्यामुळे त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणूही तिथे पुरेसे वाढत नाहीत. जिवंत राहणे आणि नीट जगणे यांतला फरक या बरणीत पुसला जातो.

इथे मला एक तक्रार सविस्तर मांडायची आहे. अलीकडे आपल्या शहरात लहान मुलांच्या वाढदिवसाला परतभेट म्हणून फायटर देण्याची पद्धत रुजू लागली आहे. आमच्या वसाहतीतल्या एका वाढदिवसाला मी गेलो होतो. केक कापून झाल्यावर टेबलावर काचेचे छोटे बाऊल ओळीने मांडले गेले. प्रत्येकात रंगीत खडे, प्लास्टिकचे एक झाड आणि एक निळा किंवा लाल नर. बाऊल इतके जवळ होते, की काचेपलीकडचा शेजारी दिसून प्रत्येक नर कल्ले फुगवून होता, आणि पाहुणे म्हणत होते, किती छान नाचतात! तो नाच नव्हता. समोरचा शत्रू हटत नाही आणि आपल्यालाही हटता येत नाही, अशा स्थितीत सापडलेल्या जनावराचा तो ताण होता. मुले बाऊल छातीशी धरून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या माशाची जबाबदारी आजीवर आली, हे मागच्या रांगेतल्या मावशी मान डोलावून मान्य करत आहेत. मग आजी मायेने सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकते, न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, पाणी पांढुरके होते, आणि कुणीतरी बाऊल नळाखाली धरून सगळेच पाणी एकदम बदलतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि त्याचे तापमानही वेगळे असते. मासा मरतो तेव्हा घरात एकच वाक्य बोलले जाते, की फायटर जगतच नाहीत. नीट ठेवलेला फायटर साधारण दोन ते चार वर्षे जगतो! त्या मुलांचे मुळीच चुकले नव्हते. ती भेट विकणाऱ्याने आणि देणाऱ्याने मात्र हा मासा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, एवढे तरी समजून घ्यायला हवे होते.

नागपुरात तर छोट्या भांड्याची अडचण दुहेरी आहे. फायटरला साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आपला मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो आणि डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. पाणी जितके कमी, तितके ते लवकर तापते आणि लवकर गार होते. त्यातही तापलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणजे नवतप्यात, मेअखेरच्या त्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, बाऊलमधला मासा दोन्हीकडून सापडतो. मोठी टाकी कूलरच्या खोलीत, खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवली तर हे चढउतार सावकाश होतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरत राहावे, मात्र त्याला पाणी बदलणे समजू नये, कारण क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहिलेले असतात. हिवाळ्यात थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो, आणि बाऊलमध्ये तो सुरक्षितपणे चालवता येत नाही. टाकीवर झाकणही हवे, कारण फायटर उडी मारतो आणि हवेचा घोट घेताना त्याला वरची हवा फार गार लागता कामा नये.

संयोजकांनी दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी दिली आहे, त्यामुळे आकडे आणि सोबती आता भराभर सांगतो.

एकट्या फायटरसाठी प्रत्यक्ष पाणी किमान २० लिटर धरावे. ४० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद व उंच टाकी काठोकाठ २५ लिटरची होते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, की हिशेब जुळतो. सोबती ठेवायचे असतील तर ६० बाय ३० बाय ३० ची, म्हणजे ५४ लिटरची टाकी घ्यावी, आणि निव्वळ पाण्याचेच वजन ५४ किलो होते हे लक्षात घेऊन स्टँड निवडावा. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण लांब शेपटीच्या नराला श्वासासाठी सारखे वर यावे लागते आणि उंच टाकीत तो दमतो. फिल्टर स्पंजचा, मंद प्रवाहाचा असावा. वनस्पती भरपूर लावाव्यात, कारण टाकीत पळणाऱ्याचा आडोसा त्याच देतात. पाणी भरलेली टाकी मासे न सोडता आधी चार ते सहा आठवडे जिवाणूंसाठी तयार करावी, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच मासे सोडावेत.

दोन नर एकत्र कधीच नकोत. माद्यांचा गट करण्याचा प्रयोग मोठ्या टाकीतही अनेकदा फसतो, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. गप्पी नको, कारण त्याची रंगीत शेपटी फायटरला दुसऱ्या नरासारखी दिसते. टायगर बार्ब नको, तो फायटरचीच शेपटी कुरतडतो. गुरामी फायटरच्या जवळच्या कुळातला आणि तोही पृष्ठभागाजवळ हक्क सांगणारा, म्हणून तोही नको. गोल्डफिशला गार पाणी आणि फार मोठी टाकी लागते, शिवाय तो घाण खूप करतो.

चालतात ते तळाशी राहणारे किंवा चपळ, फिक्या रंगाचे, छोट्या पंखांचे मासे. कोरिडोरास सहाच्या गटात, मऊ वाळूवर ठेवावेत. कूली लोच चालतो. हार्लेक्विन रासबोरा किंवा एम्बर टेट्रा यांपैकी एकाचा लहान थवा ५४ लिटरमध्ये मावतो, दोन्हींचा नाही. लहान टाकीत एखादी नेराइट गोगलगाय पुरे. ती काचेवरचे शेवाळ खाते आणि गोड्या पाण्यात तिची पिल्ले वाढत नाहीत. टाकीत चेरी श्रिंप ही छोटी कोळंबी ठेवली, तर त्यांतल्या काही फायटर खाऊन टाकेल, हे धरून चालावे.

सोबती आधी सोडावेत आणि फायटर शेवटी, म्हणजे सगळी टाकी त्याने आपली मानलेली नसते. प्रत्येक नवा मासा आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. ती वेगळी टाकी नंतरही मोडू नये, कारण काही फायटर कोणाचाच सहवास सहन करत नाहीत आणि सोबत्याचे पंख फाटलेले दिसले, की त्याच दिवशी त्याला तिकडे हलवावे लागते. औषध द्यायची वेळ आली तर तेही तिथेच द्यावे, कारण माशांच्या काही औषधांत तांबे असते आणि ते गोगलगायी व श्रिंप यांना मारते. पाणी तपासण्याचा संच मी टेबलावर ठेवला आहे. ज्यांनी घरच्या टाकीचे पाणी बाटलीतून आणले असेल, त्यांनी पुढे यावे.